झाडं मोजलीस का? रशियन साहित्यातली निसर्गाची धास्ती

टॉलस्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’मध्ये एक छोटासा सौदा आहे. स्टिव्हा ओब्लोन्स्की हा खुशालचेंडू सरदार बायकोच्या वाट्याचं जंगल 38 हजार रूबलला एका व्यापाऱ्याला देऊन टाकतो. त्याचा मित्र लेविन स्वतः शेतीत लक्ष घालणारा. तो विचारतो, झाडं मोजलीस का? स्टिव्हाला हसू येतं. झाडं काय कुणी मोजतं! लेविन म्हणतो, तुझा व्यापारी मोजल्याशिवाय एक झाड घेणार नाही. त्यानं तुझं जंगल कवडीमोलानं नेलं.

ही कादंबरी 1875 ते 1877 या काळात क्रमशः छापून येत होती आणि रशियात असे सौदे तेव्हा गावोगाव चालले होते. 1861 साली भूदासांची मुक्तता झाली. फुकट राबणारे हात गेले, डोक्यावर कर्ज होतं, रोकड नव्हती. मग जमीनदारांनी विकायला सगळ्यात सोपी गोष्ट काढली, ती म्हणजे जंगल. गिऱ्हाईक दारात उभंच होतं. रेल्वेला रुळांखाली लाकूड हवं होतं, इंजिनांना आणि व्होल्गेवरच्या आगबोटींना जळण हवं होतं, वाढत्या शहरांना ओंडके हवे होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय रशियाचा साधारण निम्मा भाग जंगलाखाली होता. पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत तो एक तृतीयांशाच्या आसपास आला.

रशिया म्हणजे न संपणारं जंगल, हे आपल्या मनातलं चित्र खरं तर सैबेरियाचं आहे. ज्या लेखकांबद्दल आपण बोलणार आहोत, त्यांच्यातले बरेच जण मॉस्कोच्या दक्षिणेकडच्या मुलखाला जवळून ओळखत होते. तिथं जंगल विरळ होत जातं आणि स्टेपचं गवताळ मैदान सुरू होतं. अशा सीमेवरच्या मुलखात राई तुटली, ओढा आटला, पाखरं कमी झाली, हे एका माणसाच्या हयातीत दिसून येतं. म्हणून ‘निसर्ग आपल्या हातून संपतोय’ ही धास्ती रशियन साहित्यात फार लवकर उतरली. पर्यावरण हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे.

लेविनला मात्र पर्यावरणवादी ठरवायची घाई नको. त्याला दुःख आहे ते सरदारवर्ग निष्काळजीपणानं भिकेला लागतोय याचं. झाडांसाठी म्हणून जीव तुटणारी माणसं पुढे येतात.

त्याच सुमारास, 1875 मध्ये, दस्तयेवस्कीच्या ‘कोवळा तरुण’ या कादंबरीत क्राफ्ट नावाचा एक खिन्न तरुण बोलून जातो: रशियाचं जंगल उघडं करतायत, माती झिजवतायत, सगळ्याचं ओसाड माळरान करून ठेवतायत. कुणी आशेनं एखादं झाड लावलं तर लोक हसतील, तू काय ते मोठं झालेलं बघायला जगणार आहेस? सगळे धर्मशाळेत उतरल्यासारखे राहतायत, उद्या गाठोडं बांधून निघायचं असल्यासारखे. दीडशे वर्षांपूर्वीचं हे बोलणं मला आजही अस्वस्थ करतं, कारण त्याचा रोख झाडांच्या संख्येवर नाही. उद्यावरचा विश्वास उडालेला समाज जमिनीशी कसा वागतो, ते क्राफ्ट सांगतो आहे.

डॉक्टरचा नकाशा

ही काळजी सगळ्यात स्पष्ट मांडली चेकॉव्हनं. 1887 सालच्या ‘पावा’ या त्याच्या कथेत फारसं काही घडत नाही. पावसाच्या भुरभुरीत एक कारभारी जंगलाच्या कडेला पावा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या गुराख्याला भेटतो आणि दोघं बोलत उभे राहतात. म्हातारा म्हणतो, पूर्वी बदकं, हंस, क्रौंच थव्यांनी यायचे, आता नाहीत. मासे कमी झाले, मधमाश्या कमी झाल्या, नद्या दरवर्षी आटतायत. माणसं हुशार झालीत म्हणे, पण शिकारच उरली नाही तर शिकाऱ्याच्या हुशारीचं करायचं काय? मग तो मूळ मुद्द्यावर येतो. सूर्य, आभाळ, रानं, नद्या, जीव हे सगळं एकमेकांत बसवून घडवलेलं आहे, ज्याला त्याला आपली जागा माहीत आहे, आणि हे सगळंच नष्ट व्हायचंय. आज शाळेत ‘परिसंस्था’ म्हणून जे शिकवतात ते या अडाणी म्हाताऱ्यानं दोन वाक्यांत सांगून टाकलेलं आहे.

पुढच्याच वर्षी, 1888 मध्ये, झारच्या सरकारनं वनसंरक्षणाचा कायदा केला. 1889 मध्ये चेकॉव्हनं ‘लेशी’, म्हणजे रानातला वनदेव, या नावाचं नाटक लिहिलं. ते पडलं. पण त्यातलं साहित्य मोडून त्यानं पुन्हा बांधलं आणि त्यातून ‘वान्या मामा’ उभं राहिलं. ते 1897 मध्ये छापलं गेलं आणि 1899 मध्ये मॉस्को आर्ट थिएटरनं रंगमंचावर आणलं. त्यातला डॉक्टर आस्त्रोव फावल्या वेळात झाडं लावतो आणि आपल्या तालुक्याचे नकाशे काढतो.

तिसऱ्या अंकात तो हे नकाशे सुंदर येलेनाला दाखवतो. पहिल्यात पन्नास वर्षांपूर्वीचा तालुका आहे. निम्मा भाग हिरवा, त्यात सांबरासारखे मोठे एल्क, तळ्यावर हंस आणि बदकं. दुसऱ्यात पंचवीस वर्षांपूर्वीचा, एक तृतीयांश हिरवा. तिसऱ्यात आजचा, नुसते तुरळक ठिपके. अजून दहा-पंधरा वर्षांत तेही जातील, असं तो म्हणतो.

या प्रसंगाचं खरं वजन त्यापुढच्या वाक्यांत आहे. जंगल तोडून तिथं रस्ते, रेल्वे, कारखाने, शाळा आल्या असत्या, लोक निरोगी आणि सुखी झाले असते, तर मी समजू शकलो असतो, असं आस्त्रोव म्हणतो. पण तसं काहीच झालेलं नाही. तीच दलदल, तेच डास, तोच टायफस आणि घटसर्प, त्याच आगी. जंगल खाल्लं ते गरिबीनं. थंडीनं कुडकुडणारा, भुकेला, आजारी माणूस हाताला येईल ते ओरबाडतो, उद्याचा विचार त्याला परवडत नाही. रोज रोग्यांच्या झोपड्यांत शिरणाऱ्या डॉक्टरलाच हे दिसू शकलं असतं. चेकॉव्ह स्वतः डॉक्टर होता, 1892 च्या कॉलऱ्याच्या साथीत मेलिखोवो परिसरातल्या खेड्यांची जबाबदारी त्यानं अंगावर घेतली होती. निसर्गाचा ऱ्हास आणि माणसाची हलाखी हे एकाच रोगाचं निदान आहे, असं त्याच्या पात्राला वाटतं यात नवल नाही.

आणि येलेना? तिचं लक्षच नाही. आस्त्रोवला ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. पर्यावरणाबद्दल बोलणाऱ्या कुणालाही हा अनुभव ओळखीचा वाटेल.

एक दुष्काळ, दोन तत्त्वज्ञ

1891 मध्ये व्होल्गाकाठ आणि मध्य रशियाचा काळ्या मातीचा पट्टा कोरडा पडला. जगातली सर्वांत कसदार समजली जाणारी माती, आणि तिथं धान्य नाही. उपासमार आणि पाठोपाठच्या कॉलरा-टायफसनं लाखो माणसं दगावली. टॉलस्टॉयनं रियाझान भागात अन्नछत्रं उघडली. आणि विचार करणाऱ्या प्रत्येकापुढे एकच प्रश्न आला: हे दैवानं केलं की आपण?

मृदाशास्त्राचा पाया घालणारे वसिली दोकुचायेव यांनी 1892 मध्ये ‘आमची स्टेप: आधी आणि आता’ हे पुस्तक लिहिलं. विक्रीचे पैसे दुष्काळग्रस्तांना गेले. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं होतं: कधी नांगर न लागलेली स्टेप बर्फाचं पाणी शोषून धरते. गवताचा थर नांगरला, राया तोडल्या की तेच पाणी वाहून जातं, जाताना माती कापून घळी पाडतं, जमिनीखालची पातळी उतरते आणि कोरड्या वाऱ्याला अडवायला काही उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे झाडांचे पट्टे, तळी, घळींना बांध, आणि शेत, कुरण, रान यांचं प्रमाण राखणं. व्होरोनेझ भागातल्या ‘कामेन्नाया स्टेप’ या जागी त्यांनी प्रयोगासाठी लावायला घेतलेले वृक्षपट्टे आजही आहेत.

तत्त्वज्ञ व्लादिमिर सोलोव्योव यांनी त्याच वर्षी ‘पूर्वेकडून येणारा शत्रू’ हा लेख लिहिला. शत्रू म्हणजे सैन्य नव्हे, मध्य आशियातून सरकत येणारं वाळवंट आणि त्याचे कोरडे वारे. पुढे 1897 च्या ‘सत्कार्याचं समर्थन’ या ग्रंथात त्यांनी हा विचार नीतीपर्यंत नेला. माणूस निसर्गाशी तीन प्रकारे वागू शकतो, असं ते म्हणतात. एक, त्याच्यापुढे हात टेकणं. दोन, त्याच्याशी लढून त्याला जिंकणं आणि निर्जीव हत्यारासारखं वापरणं. आणि तीन, निसर्ग जसा असायला हवा त्या अवस्थेकडे त्याला घेऊन जाणं. जमीन हे केवळ साधन नाही, तिच्याकडेही आपलं कर्तव्य असतं, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या चर्चेत त्या काळी त्यांनी ठामपणे मांडली. दस्तयेवस्कीच्या ‘करामाझॉव्ह बंधू’मधला साधू झोसिमा हेच भक्तीच्या वाटेनं सांगतो: प्रत्येक पानावर प्रेम करा, प्राण्यांवर करा, सगळं समुद्रासारखं एकमेकांत मिसळलेलं आहे.

इथे एक गोष्ट खटकते आणि ती सांगितली पाहिजे. सोलोव्योव यांच्या लेखात संकट पूर्वेकडून येतं. दस्तयेवस्कीचा क्राफ्टही म्हणतो की रशियाचं माळरान करून ते काल्मिक भटक्यांसाठी तयार केलं जातंय. निसर्गाच्या काळजीत आशियाची भीती मिसळलेली आहे. वास्तविक स्टेपवर गुरं चारणाऱ्या भटक्या जमातींनी ते गवत शतकानुशतकं राखलं होतं. त्यावर नांगर फिरवला तो पश्चिमेकडून आलेल्या वसाहतींनी. दोकुचायेव यांच्या निष्कर्षांचा रोखही नांगर आणि कुऱ्हाडीकडेच आहे.

दुसरं उत्तर मॉस्कोच्या रुम्यान्त्सेव संग्रहालयातल्या ग्रंथपालाचं. निकोलाय फ्योदोरोव (1829–1903) हा विरक्त माणूस. पगार वाटून टाकायचा, एका पेटाऱ्यावर झोपायचा. टॉलस्टॉय आणि दस्तयेवस्की दोघांनाही त्याच्या विचारांबद्दल आदर होता. अग्निबाणाचं गणित मांडणारा त्सिओल्कोव्स्की तरुणपणी त्याच्या हाताखालची पुस्तकं वाचून शिकला. फ्योदोरोवचं मत असं की निसर्ग ही आंधळी शक्ती आहे. ती दुष्काळ आणते, मारते, कारण तिला डोळे नाहीत. तिला डोळे देणं हे माणसाचं ‘सामायिक कार्य’. 1891 मध्ये अमेरिकेत स्फोटकं उडवून पाऊस पाडायचे प्रयोग झाल्याचं कळलं तेव्हा तो भारावून गेला. जगभरच्या सैन्यांनी माणसं मारणं सोडून हवामान सांभाळावं, असं त्यानं लिहिलं. त्याचं अंतिम स्वप्न तर मेलेल्या सगळ्या पूर्वजांना विज्ञानानं परत उठवण्याचं होतं.

कल्पना अचाट आहे, पण त्याला निसर्गाचा शत्रू म्हणणं अन्यायाचं होईल. नुसतं ओरबाडणारी आणि परत काही न देणारी संस्कृती जगाचा शेवट जवळ आणते, हेही त्यानंच लिहून ठेवलं आहे. सोव्हिएत काळानं या विचारातलं ‘निसर्गावर ताबा’ एवढंच घेतलं, ‘परत देणं’ गाळलं. फळझाडांचे संकर करणाऱ्या मिचुरिनचं एक वाक्य पुढे घोषणा बनून शाळाशाळांत लागलं: निसर्गाच्या कृपेची वाट बघत बसायचं नाही, ती त्याच्याकडून हिसकावून घ्यायची.

तळी खोदणारा लेखक

या दोन्ही उत्तरांची ओढाताण ज्यानं अंगावर सोसली तो आंद्रेय प्लातोनोव (1899–1951). माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा लेखक तोच आहे, आणि मराठीत त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

व्होरोनेझच्या रेल्वे कामगाराचा हा मुलगा. 1921 च्या भयंकर दुष्काळानं तो इतका हादरला की साहित्यासारखं नुसतं बघत बसण्याचं काम आपल्याला आता जमणार नाही, असं म्हणून तो जलसिंचनाच्या कामाला लागला. शेकडो तळी आणि विहिरी त्याच्या देखरेखीखाली खोदल्या गेल्या. त्यानं फ्योदोरोव वाचला होता आणि यंत्रावर त्याचा जीव होता. म्हणूनच त्यानं यंत्राबद्दल पुढे जे लिहिलं ते बाहेरच्या टीकाकाराचं वाटत नाही.

1927 च्या ‘येपिफानचे जलदरवाजे’ या कथेत पीटर द ग्रेट ओका आणि डॉन या नद्या कालव्यानं जोडायचं ठरवतो. त्यासाठी इंग्लंडहून बर्ट्रांड पेरी नावाचा इंजिनियर येतो. नकाशे चोख, हिशेब चोख. पण कालव्यात पाणी पुरेना. ते वाढावं म्हणून तळ्याच्या तळाला भोक पाडलं जातं आणि तळाचा चिकणमातीचा थर फुटून होतं तेही पाणी खाली झिरपून जातं. राजा पेरीला देहदंड देतो. आणि प्लातोनोव सहज सांगून जातो: पाणी पुरणार नाही हे येपिफानच्या सगळ्या बायकांना वर्षभर आधीच माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

1934 मध्ये त्यानं ‘पहिल्या समाजवादी शोकांतिकेबद्दल’ हा छोटा लेख लिहिला. त्याच्या हयातीत तो छापला गेला नाही. त्यातलं म्हणणं असं: निसर्ग उदार नाही, भरपूरही नाही. किंवा त्याची रचना इतकी कठोर आहे की त्यानं आपली समृद्धी कुणालाच सहज दिलेली नाही. आणि हे बरंच आहे, नाहीतर आपण केव्हाच त्याला लुटून, उधळून, खाऊन संपवलं असतं. निसर्गाची आरती ओवाळणाऱ्यांपेक्षा हा विचार मला जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तो चिखलात उभं राहून विहिरी खोदलेल्या माणसाचा आहे.

तंत्रावरचा हा संशय त्या काळाला परवडणारा नव्हता. 1948 मध्ये स्टालिनची ‘निसर्गाच्या परिवर्तनाची महायोजना’ आली. गंमत नव्हे, खेदाची बाब म्हणजे तिच्यातले वृक्षपट्टे दोकुचायेव यांच्याच विचारातले होते. बदलला होता तो हुकमी खाक्या. स्टालिन गेल्यावर योजना गुंडाळली गेली.

बुडणारं बेट

त्यानंतर धरणांचा काळ आला. अंगारा नदीवर ब्रात्स्कचं अवाढव्य धरण झालं, काठची खेडी पाण्याखाली गेली. त्यांत अतालांका होतं, ते उठवून वर हलवलं गेलं. तिथंच व्हालेंतिन रास्पुतिन लहानाचा मोठा झाला होता (झारच्या दरबारातल्या रास्पुतिनशी याचा संबंध नाही). 1976 ची त्याची ‘मात्योराचा निरोप’ ही कादंबरी अंगारेतल्या एका बेटाच्या शेवटच्या उन्हाळ्याची आहे.

दार्या ही म्हातारी तिची नायिका. तिचा मुलगा नव्या वसाहतीत गेलाय, नातू धरणाच्या कामावर जायला उत्सुक आहे. पाणी चढण्याआधी बेट ‘स्वच्छ’ करायला आलेली माणसं स्मशानातले क्रूस उपटतात तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या त्यांच्यावर धावून जातात. बेटावरच्या जुन्या लार्च वृक्षावर कुऱ्हाड चालत नाही, आग लागत नाही, यंत्रानंही तो हलत नाही. आणि घर जाळायच्या आदल्या दिवशी दार्या ते आतून-बाहेरून चुन्यानं रंगवते, जमीन घासते. प्रेताला अंघोळ घातल्याशिवाय पाठवत नाहीत, तसं. विस्थापनावर मी वाचलेल्या पानांत इतकी खरी पानं थोडी आहेत. दार्याला वीज नको असं कादंबरी म्हणत नाही. ती विचारते, ज्यांनी ही जमीन आपल्या हाती दिली त्या मेलेल्यांना उत्तर कोण देणार? फ्योदोरोवला पूर्वजांना उठवण्यासाठी निसर्गावर सत्ता हवी होती. इथे त्याच सत्तेनं पूर्वजांची थडगी बुडतायत.

त्याच वर्षी व्हिक्तोर अस्ताफ्येवचं ‘राजमासा’ आलं. त्यात येनिसेई नदीवरचा एक चोरटा मासेमार महाकाय स्टर्जन माशासोबत स्वतःच्याच गळांत अडकतो. किर्गिझ लेखक चिंगीझ ऐत्मातोव 1986 च्या ‘प्लाखा’मध्ये सायगा हरणांची यंत्रं लावून केलेली कत्तल दाखवतो. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये चेर्नोबिल घडलं. ते भोगलेल्या लोकांची बोली पुढे स्व्हेतलाना अलेक्सियेविचनं नोंदवली.

नद्या उलट्या फिरवायची योजना

उत्तरेकडे वाहणाऱ्या नद्यांचं पाणी दक्षिणेला वळवायचं, एक फाटा व्होल्गेकडे, दुसरा ओब आणि इर्तिशवरून मध्य आशियाकडे, अशी अनेक वर्षं शिजत असलेली सोव्हिएत योजना होती. दुसऱ्या फाट्याचा कालवाच अडीच हजार किलोमीटरच्या घरातला. कॅस्पियनची पातळी घटतेय हे एक मोठं कारण दिलं जायचं, पण 1978 पासून ती पातळी आपोआप वाढायला लागली होती. तरी योजना पुढे सरकत राहिली.

तिच्याविरुद्ध शास्त्रज्ञ उभे राहिले आणि लेखकही. त्यांत पुढे होते सेर्गेय झालिगिन. ते जलतज्ज्ञ होते आणि कादंबरीकारही. साठच्या दशकात ओबच्या खालच्या भागातल्या धरणाविरुद्ध त्यांनी लेखणी चालवली होती आणि ते धरण झालं नाही. 1986 मध्ये ते ‘नोवी मीर’ मासिकाचे संपादक झाले. त्याच वर्षी 14 ऑगस्टला सरकारनं नद्या वळवायचं काम थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. श्रेय एकट्या साहित्याचं नाही. तेलाचे भाव पडले होते, खर्च झेपत नव्हता, गोर्बाचेव्ह आले होते, चेर्नोबिलनं भरवसा उडवला होता. पण लेखकांनी हा प्रश्न मंत्रालयाच्या फायलीतून काढून घराघरांत नेला नसता तर तो इतका मोठा झाला नसता.

या विजयाला दुसरी बाजू आहे. रास्पुतिन आणि त्याच्या काही सोबत्यांची जमिनीवरची माया पुढे संकुचित रशियन राष्ट्रवादाकडे झुकली. पूर्वेची ती जुनी भीती पुरती गेलेलीच नव्हती. आणि मध्य आशियातल्या अनेकांना सैबेरियाचं ते पाणी खरोखर हवं होतं, कारण मॉस्कोच्याच धोरणानं लादलेल्या कापसापायी अमू आणि सीर दर्या या नद्या उपसल्या गेल्या होत्या आणि अरल समुद्र त्यांच्या डोळ्यांसमोर आटत होता. ओबकाठच्या माणसाचं दुःख रशियन साहित्यानं ताकदीनं मांडलं. अरलकाठच्या कोळ्याची बाजू मॉस्कोत तितक्या जोरानं ऐकली गेली नाही. 2000 नंतर मॉस्कोचे तेव्हाचे महापौर युरी लुझकोव यांनी ओबचं पाणी दक्षिणेला नेण्याची कल्पना पुन्हा बाहेर काढली. यावेळी त्यांना ते पाणी विकायचं होतं.